चीर कुठली, ते आधी बघ

प्रिय सखे,

तुझं पत्र काल वाचलं, आज पुन्हा वाचलं. "सिझर झालेलं असताना तू नॉर्मलची हिंमत कशी केलीस?" या ओळीशी दोन्ही वेळा अडले. हिंमत कसली गं! भीती होती आणि ती दोन्हीकडून होती. पुन्हा पोट उघडायचीही आणि न उघडायचीही.

तुला आठवतच असेल, थोरली पायाळू होती. तारीख ठरवून ऑपरेशन झालं, एक कळ म्हणून आली नाही. धाकट्याच्या वेळी दिवस राहिले तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी फाइल न उघडताच सांगून टाकलं, "एकदा सिझर म्हणजे पुढेही सिझरच." मी काही बोलले नाही. घरी येऊन तीन दिवस धुमसत राहिले.

मग कळलं, हे वाक्य १९१६ सालचं आहे! न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरांचं. त्या काळी गर्भपिशवीच्या वरच्या, जाड भागावर उभी चीर घेत. कळांमध्ये जोर लावतो तो नेमका हाच भाग, त्यामुळे व्रण उसवायची धास्ती खरीच होती. पुढे खालच्या पातळ भागात आडवी चीर घ्यायला लागले आणि हा व्रण कळा पुष्कळच चांगल्या सोसतो. गंमत म्हणजे क्रेगिन यांचा रोख होता, की पहिलं सिझरच विनाकारण करू नका. ते राहिलं बाजूला, आणि वाक्य तेवढं शंभर वर्षं टिकलं.

म्हणून सांगते, आधी तुझ्या पहिल्या सिझरचं जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद शोध. पोटावरची खूण आरशात बघून काही ठरवू नकोस. कातडीवर आडवी आणि आत पिशवीवर उभी, असंही असतं. आत उभी चीर असेल, पूर्वी कधी पिशवी फाटली असेल किंवा या वेळी वार (प्लॅसेंटा) पिशवीच्या तोंडावर बसली असेल, तर कळांचा नाद सोडायचा.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी मला आधी विचारलं, पहिलं सिझर का झालं? पायाळू हे कारण त्या बाळापुरतं होतं, माझ्या अंगाची परीक्षा झालीच नव्हती. तुझं तसं नाही. तुला कळा आल्या होत्या आणि तोंड अर्धवट उघडून थांबलं होतं. अशांना जमण्याची शक्यता थोडी कमी, पण जमतं. तू नोंदीत हे बघ, की तेव्हा किती सेंटीमीटर उघडलं होतं आणि बाळाचं डोकं कसं होतं. दोन बाळंतपणांतलं अंतरही त्यांनी विचारलं. ते दीड वर्षाहून कमी असेल तर व्रणाचा धोका वाढतो. माझं तीन वर्षांचं होतं.

आकडे तू मागितलेस. प्रयत्न करणाऱ्या शंभरांतल्या साधारण ६० ते ८० जणींना जमतं. कळा आपसूक आल्या आणि खाली एकच आडवा व्रण असला, तर तो फाटण्याचा धोका दोनशेत एखादीला. नवऱ्याने पहिला आकडा धरला, मी दुसरा, आणि आठवडाभर आमचं त्यावरून वाजलं. त्या दोनशेतल्या एकीच्या हातात फार मिनिटं नसतात. म्हणून मी एकाच गोष्टीवर हटून बसले: ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त रात्री दोनलाही तयार असेल अशीच जागा हवी. घरी बाळंत व्हायचं खूळ डोक्यात आलं तर आधी मला फोन कर, मी भांडेन. पण दुसरं सिझर म्हणजे बिनधोक, असंही समजू नकोस. दर चिरेगणिक पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतायची भीती वाढत जाते. तुला तिसरं हवंय ना, मग हे डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोल.

दिवस भरले आणि वर चार दिवस गेले, तरी काही हालचाल नाही. औषधाने कळा आणल्या तर व्रणाचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि कळा आणणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी तर दिवस भरलेल्या, व्रण असलेल्या पिशवीला देतच नाहीत. बाई म्हणाल्या, बाळ ठीक आहे, थांबू. पाचव्या रात्री पाणी गेलं.

मग पोटाला पट्टा. बाळाचे ठोके सतत कागदावर उमटत होते, कारण व्रण उसवू लागला तर बहुतेक वेळा पहिली खूण तिथेच दिसते. मला वाटलं होतं, फिरेन, वाकेन, हवं तसं बसेन. कसलं काय! पट्टा सरकला की नर्स धावत यायची. दोन कळांच्या मधे खाली सतत दुखतंय का, हे इतक्यांदा विचारलं की मी चिडून "दुखतंय, सगळंच दुखतंय!" म्हणाले, तर लगेच चार माणसं गोळा. तेव्हापासून नीट उत्तरं दिली. पाठीतून वेदनाशामक घेतलं. व्रण असला तरी ते चालतं, त्याची लाज बाळगू नकोस.

सहा सेंटीमीटरवर गाडी दोन तास अडली. ऑपरेशनच्या संमतीवर सही आधीच झालेली होती. खरं सांगू? त्या क्षणी मी मनातून थिएटरकडे निघालेही होते, आणि वाईट वाटत नव्हतं. ठोके चांगले होते म्हणून बाईंनी आणखी एक तास दिला. त्या तासात आठ झाले, आणि पुढे सगळं इतकं भराभर झालं की मला नीट आठवतही नाही. आठवतं ते एवढंच, की ओलं, गरम काहीतरी छातीवर ठेवलं आणि ते ओरडत होतं.

टाके चुकवायला निघाले होते, तर टाके पडलेच, फक्त जागा बदलली! आठवडाभर नीट बसता येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी थोरलीला उचलून घेतलं.

माझ्या मावसबहिणीनेही प्रयत्न केला होता. आठ सेंटीमीटरवर ठोके बिघडले आणि सिझर झालं. कळाही सोसल्या आणि चीरही, म्हणून ती वैतागली होती. पुन्हा विचारलं तर सरळ तारीख घेईन म्हणते. तिच्याशी बोल, माझ्या एकटीच्या गोष्टीवर जाऊ नकोस.

ती फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात असेल, तू सगळं तिथेच कोंबतेस. सापडली की ऑपरेशनच्या पानाचा फोटो पाठव. अक्षर लागलं नाही तर आपण दोघी मिळून लावू.

तुझीच,
मैत्रीण