बरगड्या दुखतात, एवढेच

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की माझे बोलणे अडते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. बाबा, तुम्ही सर्वांना ‘हार्ट अटॅक आला होता’ असे सांगता, ते अर्धेच खरे आहे. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी अडते आणि माणूस बहुधा शुद्धीवर असतो. माझी वाहिनी अडलीच होती. पण तिच्यापायी हृदयाची लय बिघडली, ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले आणि रक्ताभिसरण थांबले. याला कार्डिॲक अरेस्ट म्हणतात.

मला स्वतःला काहीच आठवत नाही, सारे ऐकीव आहे. बैठक चालू असताना मी खुर्चीवरून कोसळलो. मी मधूनमधून आचके देत होतो, त्यामुळे एकाला वाटले की श्वास चालू आहे, जरा वाट पाहावी. शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी ते ऐकले नाही. त्यांनी रुग्णवाहिकेचा क्रमांक लावून फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून दोनच प्रश्न आले: शुद्ध आहे का, आणि श्वास नेहमीसारखा आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे मिळताच त्या आवाजाने छातीच्या मधोमध, किमान 5 सेंटिमीटर खोल दाबायला सांगितले आणि मिनिटाला 100 ते 120 दाब पडतील अशा ठेक्यात तो मोठ्याने आकडे मोजत राहिला. बाई दमल्या की दुसरा गुडघ्यावर बसे. आई, माझ्या दोन बरगड्या मोडल्या त्या यातच. पण रक्त न मिळाल्यास चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि मी तुला हे पत्र लिहितो आहे.

तेवढ्यात कोणीतरी जिन्याजवळची डिफिब्रिलेटरची पेटी आणली. ते यंत्र पुढे काय करायचे ते स्वतःच बोलून सांगते आणि लय तपासून गरज असेल तरच हृदयाला विजेचा शॉक देते. माझी लय दुसऱ्या शॉकने परतली. रुग्णवाहिकेतून ईसीजी आधीच पुढे गेल्यामुळे रुग्णालयात कॅथलॅब, म्हणजे अडलेली वाहिनी उघडण्याची खोली, तयार होती; वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, बसला. त्यानंतरचे दोन दिवस व्हेंटिलेटरवर गेले.

परवा त्या बाई भेटायला आल्या आणि बरगड्यांबद्दल चक्क माफी मागू लागल्या. मला हसू आले, हसताना खोकला आला, आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी लागते, ती त्यांनीच उचलून दिली.

तुमचा,
धाकटा