जीवाश्मांतली तूट हा उत्क्रांतीविरुद्धचा पुरावा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्क्रांतीला विरोध करणाऱ्यांच्या लेखनात एक मुद्दा हमखास येतो : जीवाश्मांत मधले दुवे सापडत नाहीत, म्हणून एका जीवप्रकारातून दुसरा घडलाच नाही. मुद्दा जुना आहे. खुद्द डार्विनने १८५९च्या ग्रंथात या अडचणीला स्वतंत्र प्रकरण दिले होते. त्यानंतर खडकांतून काय काय निघाले, याचा उल्लेखही न करता तोच आक्षेप आजही मांडला जातो, याचा मला मनापासून खेद वाटतो.

मुळात जीवाश्म होणे हाच अपवाद. बहुतेक मृत प्राणी खाल्ले जातात किंवा कुजतात. देह गाळात लवकर गाडला जावा, गाळाचा खडक व्हावा, तो कोट्यवधी वर्षे टिकावा आणि आज नेमका उघडा पडावा, तेव्हा एखादे हाड हाती लागते. तूट राहणारच. पाहायचे ते हे, की जे सापडते ते कोणत्या क्रमाने सापडते.

मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्यामधली तूट घ्या. नील शुबिन, टेड डॅशलर आणि फॅरिश जेन्किन्स या जीवाश्म-अभ्यासकांनी ज्ञात जीवाश्मांची वये पाहून ठरवले, की सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचे, नदीच्या गाळाचे खडक तपासायचे. तसे खडक कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समियर बेटावर उघडे होते. काही मोहिमा निष्फळ गेल्या, आणि २००४ मध्ये तिथे टिकटालिक सापडला. खवले आणि पर माशाचे. पण डोके चपटे, मान मोकळी आणि पराच्या आत खांदा, कोपर, मनगट यांना जुळणारी हाडे! पुढे २०१० मध्ये पोलंडमधून चार पायांच्या प्राण्यांच्या पावलांचे त्याहून जुने ठसे प्रसिद्ध झाले. त्यामुळे टिकटालिकला चतुष्पादांचा थेट पूर्वज म्हणता येत नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. मधल्या ठेवणीचे प्राणी होते, हे मात्र त्याने दाखवलेच.

जमिनीवरच्या प्राण्यांपासून देवमासे कसे घडले, ही कहाणी आपल्या अधिक जवळची. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी काश्मीरमधून गोळा केलेल्या खडकांत इंडोहायस हा लहानसा, खुरांचा प्राणी होता. त्याच्या कानाच्या हाडाची जाड कड देवमाशांच्या कुळाची खूण आहे, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाकिस्तानात सापडलेला अँबुलोसेटस हा आद्य देवमासा चालतही असे आणि पोहतही असे. जनुकांची तुलनाही देवमाशांना पाणघोड्याच्या जवळ नेऊन बसवते, आणि हा पुरावा खडकांवर मुळीच अवलंबून नाही.

इतके होऊनही, नवा दुवा मिळाला की त्याच्या दोन बाजूंना दोन नव्या फटी दाखवल्या जातात. अशाने पुरावा वाढेल तशी तक्रारही वाढेल! एल्ड्रेज आणि गूल्ड या जीवाश्म-अभ्यासकांनी १९७२ मध्ये लिहिले, की जाती दीर्घकाळ स्थिर राहतात आणि बदल त्या मानाने झपाट्याने होतात. ही चर्चा बदलाच्या गतीची होती. तिचा आधार उत्क्रांती नाकारण्यासाठी घेतला गेला, तेव्हा गूल्ड यांनी त्याला जाहीर हरकत घेतली.

विरोधकांना माझी विनंती आहे. न सापडलेल्या हाडांविषयी लिहिण्यापेक्षा क्रम मोडणारे एक हाड दाखवा : डायनोसॉरांच्याही आधीच्या थरात ससा, किंवा माशांच्या पूर्वीच्या खडकात पक्षी. तसे खात्रीचे हाड निघाले, तर उत्क्रांतीचा सारा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

आपला,
एक वाचक