ऑनलाइन कसं शिकवावं, हे आम्हाला म्यूट करून शिकवलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात आयटीआयच्या निदेशकांना, म्हणजे आम्हा शिक्षकांना, ऑनलाइन अध्यापनाचं प्रशिक्षण दिल्याची बातमी वाचली, फोटोही बघितला. प्रशिक्षण ऑनलाइन आणि फोटोत समई, शाल, नारळ, बुके आणि पाहुण्यांची रांग. हे दीपप्रज्वलन नेमकं कुठं झालं एवढं तरी तुमच्या बातमीदाराने विचारायचं, कारण आम्ही प्रशिक्षणार्थी सगळे आपापल्या घरी मोबाईल चार्जरला लावून बसलो होतो. हेडिंग तुम्ही दिलंय की निदेशक तंत्रस्नेही झाले. आभारी आहे. पण आत काय झालं तेही छापा की कधीतरी.

आत झालं असं, की एक साहेब सकाळपासून जेवणापर्यंत स्लाइड वाचत होते. वाचत म्हणजे अक्षरशः, जे पडद्यावर तेच तोंडात. आम्ही सगळे म्यूट. कॅमेरा बंद ठेवा, नेट जाम होतं. चॅट पण बंद, कारण आदल्या दिवशी कुणीतरी त्यात तासिकावाल्यांच्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या आमच्यासारख्यांच्या, थकलेल्या मानधनाचा विषय काढला होता (तो अजून थकलेलाच आहे, त्याची बातमी काही दिसली नाही तुमच्याकडे). आणि अशात एक स्लाइड आली, "विद्यार्थ्याला सहभागी करून घ्या". साहेबांनी ती पण वाचली. शेवटी पाच मिनिटांपुरता हजेरीचा गूगल फॉर्म उघडतो, तो भरला की झाला माणूस तंत्रस्नेही, तो हुकला तर दिवसभर बसून पण गैरहजर.

ब्लूम साहेबांच्या 1956 सालच्या त्या शिकण्याच्या पायऱ्या झाल्या, स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचे चार क्वाड्रंट, म्हणजे चार भाग झाले: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा, चाचणी. माहीत असावं, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या ट्रेडचं वर्ष 1200 तासांचं, त्यातले 840 तास प्रॅक्टिकलचे आणि थिअरीला 240. मग यातलं काय मोबाईलवर द्यायचं आणि काय शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, मशीनजवळ उभं राहिल्याशिवाय येणारच नाही, हा पहिला प्रश्न नको का? तो कुणी काढलाच नाही. कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी केलेल्या स्लाइड, वरचं नाव बदलून आमच्यापुढं ठेवल्या.

आता मूळ राग सांगतो. आमच्यात एक वेल्डरचे निदेशक आहेत, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. वेल्डिंगमध्ये पोराला दाखवायची खरी गोष्ट एकच, आर्कच्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झोताच्या, खाली वितळलेलं लोखंड, मोल्टन पूल. तो काळ्या काचेशिवाय दिसत नाही आणि शॉपमध्ये गुरुजींच्या खांद्याशी वाकून एका वेळी एक नाहीतर दोन पोरांना दिसतो, बाकीची पोरं मागे उभी राहून नुसता उजेड बघतात आणि रात्री डोळे चोळत बसतात. या माणसाने काय केलं, वेल्डिंग करताना तोंडापुढं धरायच्या जुन्या स्क्रीनमधली काळी काच काढली, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने लावली, मोबाईल स्टँडला बांधला आणि एक फिलेट जॉइंट, म्हणजे काटकोनातला जोड, मारून दाखवला. दोन-अडीच मिनिटांचा व्हिडिओ. पूल स्पष्ट दिसतो, मागून येणारा स्लॅग, म्हणजे वरची मळी, वेगळा दिसतो, मध्येच त्यांनी मुद्दाम रॉड लांब नेलाय, तर आर्क भरकटताना दिसतो, ठिणग्या उडायला लागतात. आणि आवाज! आर्क बरोबर असेल तर कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा चर्र आवाज येतो, रॉड लांब गेला की तो फुटतो. मी स्वतः टर्नर, लेथवाला, पण मला सुद्धा त्या व्हिडिओत पहिल्यांदा नीट कळलं. हेडफोन लावून बघा म्हणून त्यांनी पोरांना सांगितलं होतं.

हा व्हिडिओ त्यांनी प्रशिक्षणात असाइनमेंट म्हणून दिला. शेरा काय आला? सुरुवातीला उद्दिष्टांची स्लाइड नाही, लोगो नाही, शिक्षकाचा चेहरा दिसत नाही, बॅकग्राउंड म्युझिक घालून पुन्हा सादर करा. म्युझिक! म्हणजे जो आवाज ऐकायला व्हिडिओ केला त्याच्यावर बासरी घालायची. आणि चेहरा कुठून दिसणार, तोंडावर स्क्रीन धरलाय त्यांनी, नाहीतर पुढच्या व्हिडिओला माणूसच राहणार नाही. त्यांनी म्युझिक घातलं नाही, त्यामुळे त्यांचं सर्टिफिकेट अडलंय. आमच्यातल्या एकाने नेटवरच्या पीपीटीवर आपला आवाज चढवून दिला, लोगोसकट, त्यांना "उत्कृष्ट".

ड्रेस मेकिंगच्या एक मॅडम तासगावकडच्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं की कापड कापताना वरून शूटिंग कसं घ्यावं, हाताची सावली पडते आणि खडूची रेघ दिसत नाही. प्रश्न ईमेल करा म्हणाले. त्याचं उत्तर शेवटी आमच्या ग्रुपवर कोपा या कॉम्प्युटरच्या ट्रेडच्या एका पोराने दिलं, दोन खुर्च्यांवर पट्टी आडवी टाका, तिला मोबाईल बांधा आणि खिडकी डाव्या हाताला ठेवा. हे प्रशिक्षण. बाकी वेळ गेला.

सांगलीकरांना ऑनलाइनची गरज कुणी पटवून द्यायला नको. 2019 ला महापूर, 2020 ला कोरोना, 2021 च्या जुलैत परत पाणी. पोरं घरी, त्यात जत-आटपाडीकडच्या घरात मोबाईल एक आणि तो वडिलांबरोबर रानात. आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या निमी या सरकारी संस्थेचे प्रश्नसंच आहेत, भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर साहित्य आहे, कॉम्प्युटरवरच्या परीक्षेला पोरांना त्याचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण पोराचा जॉब, म्हणजे त्याने घडवलेला तुकडा, बघून तुझी कानस कुठं चुकतीय हे त्यातलं काही सांगत नाही. पोराने जॉबवर ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, धरून, मागून उजेड येईल असा फोटो पाठवला, तर फट कुठं आहे ते मला घरबसल्या दिसतं. असं काम कसं द्यायचं, वीस फोटो कसे तपासायचे, रेंज नसलेल्या पोराला व्हिडिओ किती एमबीचा पाठवायचा, हे शिकवा ना आम्हाला.

आणि शिकवायची पद्धत आमच्याच सीआयटीएसमध्ये, म्हणजे निदेशकांच्या प्रशिक्षणाच्या कोर्समध्ये, आहे. आधी करून दाखवायचं, मग पोराकडून करून घ्यायचं, मग जॉब तपासायचा. प्रत्येक निदेशकाकडून त्याच्या ट्रेडचा एक छोटा धडा करून घ्या, तो पाच पोरांना दाखवा, त्यांना काय कळलं नाही ते ऐका, परत करायला लावा. तपासायला त्या ट्रेडचा माणूस बसवा. स्लाइड वाचणाऱ्या साहेबांना सुट्टी द्या, त्यांचाही घसा बसला होता.

गेल्या वर्षी माझं पत्र तुम्ही निम्मं कापलं होतं. या वेळी कापायचंच तर ब्लूम साहेबांचं कापा, काळ्या काचेचं ठेवा. आणि नाव छापू नका, पुढच्या सत्राची ऑर्डर अजून हातात यायची आहे.

आपला,
तासिका तत्त्वावरील एक निदेशक, मिरज