लाल पेन्सिलवाल्या सरांस

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाईहून आम्ही काहीजण शास्त्रीय संगीतावर रेडिओसाठी ज्या गप्पा करतो, त्या आता ऐकवतात. ही तुमच्या लाल पेन्सिलीची करामत. आकाशवाणीत उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या माणसानं आमचं चौदा पानी टिपण घेऊन बसावं, त्यातली दहा पानं खोडावीत आणि वर चहाही पाजावा, याचे आभार चारचौघांत मानायचे राहिले होते.

पहिला धडा वेळेच्या हिशेबाचा. अर्धा तास म्हणजे हातात 28 मिनिटं. त्यातली 16 गाण्याला, उरलेल्या 12 मध्ये दोघांनी बोलायचं. मिनिटाला 110 शब्द धरले तर दोघांत मिळून जेमतेम 1,300. घराण्याचा इतिहास सांगायलाच 400 गेले की रागाला काय उरणार?

पण खरं शिकवलंत ते तुकडा कुठं कापायचा हे. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पुरा फेरा, संथ लयीत 50 ते 60 सेकंदांचं असतं. आमचे तुकडे 40 सेकंदांचे, म्हणजे सम, फेऱ्याची पहिली मात्रा, यायच्या आधीच गाणं बंद. ऐकणारा हवेत लटकलेला, आणि आम्ही म्हणतोय, ‘किती सुंदर सम गाठली!’ तुमचा नियम असा: मुखडा (समेवर नेणारा बंदिशीचा तुकडा) सुरू होण्याच्या दोन मात्रा आधी आवाज उघडायचा, पुरतं एक आवर्तन जाऊ द्यायचं, पुढची सम पडली की तीन सेकंद थांबून मग आवाज उतरवायचा. द्रुत, म्हणजे जलद, सोळा मात्रांच्या तीनतालात हाच हिशेब उलटा. मिनिटाला 240 मात्रांची लय असेल तर 4 सेकंदांत आवर्तन संपतं; तिथं 20 सेकंद पुष्कळ झाले.

भूप आणि देसकार हे दोन राग, एक बुवांचा नि एक बाईंचा, शेजारी लावायचं ठरलं, तेव्हा तुम्ही हातातली क्यू-शीट (तुकड्यांच्या क्रमाचा कागद) बाजूला ठेवून आधी विचारलंत, ‘दोघांची पट्टी कोणती?’ पट्टी म्हणजे पेटीची जी पट्टी गायक आपला षड्ज, म्हणजे सा, मानतो ती. बुवांची काळी एक, बाईंची काळी चार. काळी एकच्या षड्जाला काळी चार म्हणजे पंचम (प). कान आधीच्या षड्जावर बसलेला असतो, त्यामुळं बाईंचा षड्ज त्याला पंचम वाटतो आणि त्यांचा गंधार (ग) निषाद (नी). ज्या रागांत निषादच नाही, तिथं तो ऐकू यायला लागला की पुढं काय समजावणार? आणि निवेदनाखाली काळी एकचाच तानपुरा चालू ठेवला असेल तर विचारूच नका. म्हणून मधे निवेदन कोरडं ठेवायचं, आणि दुसऱ्या तुकड्याआधी नव्या पट्टीचा नुसता तानपुरा 8 सेकंद. सॉफ्टवेअरनं पट्टी सरकवायला तुम्ही साफ मनाई केलीत. गळ्याचा पोत बिघडतो, हे एकदा ऐकल्यावर आम्हालाही पटलं.

तुकड्याआधी एकच वाक्य, तेही कानाला काम देणारं: ‘गायक कुठं थांबतो तेवढं बघा.’ भूपात थांबा गंधारावर. देसकारात धैवतच घर करून बसतो आणि रिषभ ओझरता लागतो. स्वर तेच पाच. वादी-संवादीची (रागातल्या मुख्य आणि त्याखालोखालच्या स्वराची) व्याख्या नंतर सांगितली तरी चालते, नाही सांगितली तरी चालते.

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचा वेग तपासायची सवय तुमचीच. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर काळी एक सरळ पांढरी दोन होते, आणि आपण गायकाचा गळा कोवळा म्हणून मोकळे. पेटीची साथ असेल आणि षड्ज दोन पट्ट्यांच्या अधेमधे सापडला, तर आधी वेगावर संशय घ्यायचा. रेडिओच्या जुन्या ध्वनिमुद्रणांना मात्र ही खूण बहुधा लागू पडत नाही. आकाशवाणीनं पेटीवर 1940 साली घातलेली बंदी 1971 मध्ये सैल झाली. हक्कांचंही तुम्हीच सांगितलंत: ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं, बंदिशीचा वेगळा पाहायचा.

मुलाखतीत माइकची पातळी पाहुण्याच्या बोलण्यावर लावायची नाही, तानेवर लावायची. बोलता बोलता गवई तान घेतोच, आणि आवाज फाटला की ती तान गेली; पुन्हा म्हणायला लावली तर ती वेगळीच येते. माइक तोंडापासून वीतभर, गाताना हातभर. आणि मे महिन्यात कूलर बंद करून सकाळी सातच्या आत काम उरकायचं. भिंतींना टांगायला तुम्ही पाठवलेल्या सहा वाकळींनी खोलीचा घुमारा असा मारला की पैसे देऊन घेतलेला फोम माळ्यावर गेला.

समीक्षेबद्दल तुमचं एक वाक्य आम्ही भिंतीवर चिकटवलंय: ‘विशेषण खोडा, जागा सांगा.’ ‘बढत (रागाचा टप्प्याटप्प्यानं विस्तार) रेंगाळली’ म्हणायचं नाही. 25 मिनिटांच्या ख्यालात पंचम 17व्या मिनिटाला आला, मधला वेळ कशात गेला, ते बोलायचं. त्यासाठी घड्याळ आणि वही घेऊन ऐकायचं. त्यावर तुम्ही शार्ङ्गदेवाचा दाखला दिलात. यादव राजा सिंघणाच्या पदरी, इथंच देवगिरीला, तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिताना त्यानं गायकाचे 25 दोष नावानिशी मोजले. दात आवळून गाणारा संदष्ट, कावळ्यासारख्या आवाजाचा काकी, ताल सुटलेला विताल, तुंब्यासारखे गाल फुगवणारा तुंबकी. एकेका शब्दात नेमकं काय चुकलं ते कळतं. आमच्या ‘कार्यक्रम रंगला नाही’मध्ये काय कळायचं? (डोळे मिटून गाणारा निमीलक मात्र रेडिओवर सुटतो, हे तुमचंच.)

तुमची टाचणवही झेरॉक्स करून मूळ वही या पत्रासोबत परत पाठवतोय. पान 31 वरचा चहाचा डाग आमचा. वाकळी मात्र आणखी काही दिवस राहू द्या.

आपले,
अंबाजोगाईचे गप्पिष्ट