सडा कुरूप कोणी ठरवला?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला सुंदर आणि कुरूप यांवरचा लेख वाचला. लेखकांचा व्यासंग दांडगा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण निसर्गातल्या कुरूपतेचा दाखला म्हणून त्यांना कोकणातला सडाच, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठारच, सापडावा आणि ‘भकास, करपलेला कातळ’ म्हणून त्यांनी त्याची बोळवण करावी, याचा संताप आला. त्यांनी सडा मे महिन्यात, तोही गाडीच्या काचेतून पाहिला असणार.

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की याच कातळावर दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. पुढे श्रावण-भाद्रपदात पाणथळीत गेंद आणि सीतेची आसवं. ही आसवं जरा ओणवं होऊन बघावीत. वर नखाएवढं निळं-जांभळं फूल, आणि खाली चिखलात मुळांसारख्या तंतूंवर मोहरीहून बारीक फुगे. पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत अडकतात, त्यावर ही वनस्पती पोसते, कारण इथल्या मातीच्या पातळ थरात नत्र फारच कमी. लेखकांना जी उजाड वाटली, त्या जमिनीवरच हे फूल जगतं. तिथे खतामातीचा भराव घातला की गवत माजतं आणि आसवं जातात.

आमच्या गावच्या सड्यावर हेच झालं. ‘सुशोभीकरण’ म्हणून लाल मातीचे डंपर रिकामे केले, विकतची हिरवळ अंथरली, रंगीत दिव्यांचं कारंजं आणि सेल्फी पॉइंट केला. गेंद फुलायचा ती पाणथळ भरावाखाली गेली. हिरवळ उन्हाळ्याआधीच पाण्यावाचून वाळली. आता तिथे ना बाग, ना सडा. मी बोललो तर ‘पडीक जमिनीचं सोनं केलं’ असं मलाच ऐकवण्यात आलं. अशा लोकांच्या हाती आपला लेख आयताच पडला आहे.

कलेचं म्हणाल, तर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने चित्रं कोरायला हाच कातळ निवडला. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आमच्या भरावाखाली असं काही होतं का, हे कोणी आधी पाहिलंही नाही. नकोसं दिसेल ते झाकून टाकावं, ही आपली रीत नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये भयानक आणि बीभत्स आहेतच. एवढ्या विद्वान लेखात त्याचा उल्लेख नसावा?

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीच्या पहिल्या पानावर सीतेच्या आसवांचं मोठं रंगीत छायाचित्र आहे आणि खाली नुसतं ‘रानफुले’ लिहिलं आहे. फुलाला नाव आहे, ते छापत जा. आणि ते सड्यावरचं आहे, हेही छापा.

आपला,
एक जुना वाचक, रत्नागिरी