पुंगीला बासरी म्हणू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन मराठवाड्यातल्याच एका संग्रहालयात गेलो होतो. वाद्यांच्या कपाटात पुंगी दिसली आणि पाय तिथंच थबकले. वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या दोन नळ्या, सांध्यावर काळं पडलेलं मेण आणि त्या मेणात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा अजून तसाच. खाली पाटी मात्र ‘बासरी’! नातवानं विचारलं, ‘आजोबा, हिला दोन नळ्या कशाला?’ पाटीवर त्याचं उत्तर नव्हतं.

बासरीत फुंकर भोकाच्या कडेवर आपटून सूर निघतो. पुंगीचं तसं नाही. तिच्या दोन्ही नळ्यांना भोपळ्याच्या आत चीर देऊन केलेल्या जिभा असतात. भोपळ्यात कोंडलेल्या वाऱ्यानं त्या थरथरतात नि वाजतात. एका नळीवर बोटं फिरतात, दुसरी एकच सूर धरून असते. सूर तुटू नये म्हणून वाजवणारा गालात वारा साठवतो आणि तो सोडता सोडता नाकानं श्वास घेतो. नागपंचमीला गावात गारुडी यायचा, तेव्हा मी नागापेक्षा त्याचे गालच जास्त बघत बसायचो. पालघरच्या वारल्यांचा तारपा पुंगीचाच भाऊबंद, त्यालाही भोपळा आणि दोन नळ्या. तारपा आज मानानं मिरवतो, त्याचा आनंदच आहे. मग पुंगीला निदान कपाटात तरी तिचं नाव मिळू नये?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पाळायला बंदी आली, ती योग्यच. नागाला बाहेरून कान नसतात. तो डोलायचा तो हलणाऱ्या पुंगीकडे बघून. सुरावर डोलणारे आपणच होतो. पण टोपलीबरोबर पुंगीही खुंटीवर गेली आणि मुलांना आता ती ‘गाजराची पुंगी’ या म्हणीपुरतीच ठाऊक आहे.

माझी विनंती एवढीच की आधी पाटी बदलावी. मग ज्या म्हाताऱ्या गारुड्यांच्या छातीत अजून दम आहे, त्यांना रीतसर मानधन देऊन बोलवावं. जीभ कशी चिरतात, मेण कसं लावतात, दम कसा राखतात हे सगळं चित्रित करून कपाटाशेजारी दाखवावं. हे काम थांबण्यासारखं नाही, ही माणसं सत्तरी ओलांडलेली आहेत.

संग्रहालयाच्या अभिप्राय वहीत मी हे लिहून आलो आहे. खाली नातवानंही सही केली.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई