'स्वमत' मुलांचंच राहू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी दहावीला मराठी शिकवतो. कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली 'स्वमत' नावाची तीन गुणांची कृती असते. कथा वाचून पोरानं आपल्या मनातलं लिहावं, म्हणून ती ठेवलेली. आमच्याकडे मात्र तेही गाईडमधून पाठ होतं. चाळीस वह्या आणि मत एकच.

सराव परीक्षेत एक उतारा होता. मुलगा शिकून शहरात जातो, आईबाप वाट बघत राहतात. त्याच्या वागण्याबद्दल मत विचारलं होतं. सगळ्यांनी 'कृतघ्न' लिहिलं. एका मुलीनं लिहिलं, "माझा दादा पुण्याले कंपनीत आहे. दिवाळीले आला नाही, सुट्टी नाही भेटली. पण त्यानं पैसे धाडले म्हणून हरभरा पेरणं झालं. त्या पोराचीबी काही अडचण असन, उताऱ्यात ते लिहिलं नाही."

मी तिला तीनपैकी एक गुण दिला. नमुना उत्तरातले 'संस्कार' तिच्या उत्तरात नव्हते. वर 'पुण्याले'खाली लाल रेघ ओढली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला विचारून ते उत्तर वर्गात वाचलं. कधी तोंड न उघडणारा एक मुलगा उठून म्हणाला, "मले नाही पटत सर. पैसे आले, पण आजीले दवाखान्यात कोण नेईन?" मग वर्ग थांबेचना. कापूस वेचणीपायी आठवड्यातून दोन दिवस बुडवणाऱ्या मुलीही बोलल्या. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. उतारा कळला तो तेव्हा.

साहेब, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की मुलाला भीतीपासून मुक्त ठेवा, मत मोकळेपणानं मांडायला मदत करा. तो कायदा आठवीपर्यंतचा. नववीपासून ही मदत थांबावी का?

माझी मागणी साधी आहे. परीक्षकांना लेखी कळवा की स्वमत नमुना उत्तराशी ताडून बघायचं नाही; कारण दिलंय का आणि ते उताऱ्याला धरून आहे का, एवढंच बघायचं. वऱ्हाडी शब्दापायी तिथं गुण कापू नका. आणि आठवड्यातून एक तास नुसतं गोष्टीवर बोलायला द्या, बिनगुणांचा.

त्या मुलीचे गुण मी तीन केले. बोर्डाचा तिचा पेपर मात्र दुसरंच कुणी तपासणार आहे.

आपला,
एक मराठी शिक्षक